शंभर टनांची चूक कोण पकडणार?
मेलबर्न, 20 मार्च 2009. दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए340 विमानाचं वजन, उड्डाणाचं गणित करणाऱ्या लॅपटॉपमध्ये 362.9 ऐवजी 262.9 टन पडलं. एक आकडा चुकला, शंभर टन गायब! इंजिनांना जोर कमी दिला गेला, शेपूट धावपट्टीवर घासलं, विमान कसंबसं उठलं.

दोन वैमानिकांनी वेगवेगळं गणित करून आकडे ताडून पाहणं हा स्वस्त उपाय. पण निघायच्या घाईत दुसरा पहिल्याचाच आकडा वाचून मान डोलावतो. उलट एअरबसच्या ए350 विमानात धावताना वेग हवा तसा वाढतोय का, हे यंत्र पाहू शकतं. त्याला घाई नाही, सहकाऱ्याची भीड तर नाहीच. मात्र ते बोलेपर्यंत थोडी धावपट्टी संपलेली असते. तरी माझं मत यंत्रालाच. जुन्या विमानांत ते नसतं, तिथे दोन वेगळी गणितं हवीतच.