हिरवं होतं, पण जिवंत नव्हतं

दिवाळीनंतर कोल्हापुरात भरलेल्या एका प्रदर्शनातून मी बाबांसाठी जुनिपरचा (सुरूसारखं एक सदाहरित झाड) बोन्साय, म्हणजे उथळ ट्रेमध्ये छाटून छोटंच ठेवलेलं झाड, घेतला. साडेतीन हजार रुपये, वर 'जपानी खत' म्हणून चारशेची पुडी. दीड महिन्यात झाड वाळलं. पैसे गेले ते गेले, पण बाबा स्वतःलाच दोष देत बसले, ते बघवेना. म्हणून हे लिहितोय.

बाबा निवृत्त शिक्षक. मोगरा असो की कढीपत्ता, गल्लीत कुणाला रोप लावायचं असलं की बाबांना बोलावतात. हातगुण चांगला म्हणून. असा माणूस रोज सकाळी त्या ट्रेपुढं बसायचा.

विक्रेता गोड बोलणारा होता. "पंधरा वर्षांचं झाड आहे दादा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवा, आठवड्यातनं दोनदा कपभर पाणी घाला, बास." झाड दिसायलाही देखणं होतं. वळण घेतलेलं खोड, गर्द हिरवी पानं, वर पांढऱ्या खड्यांचा थर. बिल मागितलं तर म्हणाला, "व्हिजिटिंग कार्ड आहे की."

महिनाभर ते जसंच्या तसं हिरवं होतं. नंतर रंग उतरला, राखाडी झाक आली, आणि एक दिवस बोट लागताच पानांचा भुगा हातात आला. कार्डावरच्या नंबरवर फोन केला, तर पहिल्यांदा "पाणी जास्त झालं असेल", चार दिवसांनी "पाणी कमी पडलं असेल", आणि मग फोन लागायचाच बंद झाला. बाबा एवढंच म्हणाले, "माझा हातगुण गेला रे."

शेवटी राजारामपुरीतल्या ओळखीच्या काकांना बोलावलं. त्यांच्या गच्चीवर वड-उंबराचे बोन्साय आहेत. त्यांनी आधी खडे हलवून बघितले. हलेचनात. सगळे डिंकासारख्या कशानंतरी चिकटवलेले, वर घातलेलं पाणी कडेनं ओघळून जाणारं. स्क्रू ड्रायव्हरनं थर उचकटला, खोड धरून वर ओढलं आणि ते अलगद बाहेर आलं. खाली मूळ नाही, तंतू नाही. कात्रीनं तिरकी छाटलेली नुसती फांदी, तारेनं ट्रेला बांधलेली.

काका म्हणाले, "तारेनं बांधणं चूक नाही. नवीन कुंडीत झाड हलू नये म्हणून आम्हीपण बांधतो. पण बांधायला मूळ तरी पाहिजे की! गुरुजी, तुम्ही काही केलं नाही. हे आणलं तेव्हाच गेलेलं होतं." जुनिपर तुटला तरी कित्येक आठवडे हिरवा राहतो. मेल्याचं पानांवर उशिरा कळतं, आणि तेवढ्यात प्रदर्शन उठून विक्रेता दुसऱ्या गावाला गेलेला असतो. सगळा धंदा त्या मधल्या आठवड्यांवर चालतो.

बोन्साय घेणार असाल तर खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. मुळं धरलेलं झाड मातीसकट हलतं, खोचलेली फांदी एकटीच डुलते. वरचे खडे सुटे आहेत का, ट्रेच्या बुडाला भोकं आहेत का, हे उचलून बघा. आमच्या ट्रेला भोकच नव्हतं आणि मी ट्रे उलटासुद्धा केला नव्हता. विक्रेत्याला विचारून सालीवर एका कोपऱ्यात नख लावा: आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, कोरडं तपकिरी असलं तर ती फांदी गेली. मात्र नुकत्याच तोडलेल्या फांदीतही साल हिरवी असते, म्हणून मुळाची खात्री आधी. आणि जुनिपर घरात ठेवा म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. ते उघड्यावरचं झाड, रोज चार-पाच तास ऊन मागतं. आपल्याकडं पावसाची झड लागली की ट्रे तिरका ठेवून पाणी काढून द्यावं लागतं, नाहीतर मुळं कुजतात. नवख्यानं फायकस (वडाच्याच कुळातलं झाड) किंवा वडापासून सुरुवात करावी, असं काकांचं मत आहे आणि आता माझंही.

पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण तक्रार करायला विक्रेत्याचं नाव-पत्ता हवा, आणि माझ्याकडं फक्त बंद नंबरचं कार्ड होतं.

काकांनी बाबांना मूळ धरलेलं फायकसचं रोप दिलंय. ते गच्चीवर मोगऱ्याशेजारी आहे, आणि या आठवड्यात त्याला दोन नवी पानं फुटली आहेत.