लेकराच्या छातीचं दुखणं: शिरेतून मॉर्फिन की पाठीत ब्लॉक?
बीड-परभणीकडून लेकराच्या हृदयाच्या ऑपरेशनला आलेल्या आईचा प्रश्न ठरलेला: "लई दुखंल का हो?"

शिरेतून दिलेलं मॉर्फिन किंवा फेंटानिल दुखणं चांगलं दाबतं, डोस लगेच कमीजास्त करता येतो. पण मळमळ, खाज, गुंगी येते. श्वास मंदावला तर व्हेंटिलेटरची नळी काढायला उशीर होतो.

ब्लॉकमध्ये लेकरू भुलेखाली असतानाच सोनोग्राफीत बघत कण्यालगतच्या स्नायूखाली बधिरतेचं औषध सोडतात. २०१६ मध्ये पुढं आलेली ही इरेक्टर स्पायनी पद्धत मला जास्त पटते. ऑपरेशनवेळी रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे एपिड्युरलमध्ये (कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिरतेचं औषध सोडण्यात) रक्तस्रावाची जी धास्ती असते, ती इथं बरीच कमी. लेकरू छातीशी उशी धरून मोकळं खोकतं. एका टोचणीचा असर मात्र काही तासांचाच. पुढं पॅरासिटामॉल द्यायचं आणि थोडं मॉर्फिनही हाताशी ठेवायचं.