आरोग्यविम्याची प्रतिपूर्ती सेवा : रक्कम मिळाली, हिशेब मात्र मागून घ्यावा लागला

वडिलांच्या गुडघ्याचे सांधेरोपण ज्या रुग्णालयात झाले, ते विमा कंपनीच्या यादीत नसल्यामुळे कॅशलेस सुविधा मिळाली नाही आणि संपूर्ण बिल आधी भरून नंतर प्रतिपूर्तीचा दावा दाखल करावा लागला.

प्रतिपूर्ती म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या आणि पावतीने सिद्ध होणाऱ्या खर्चाची, पॉलिसीच्या अटींच्या मर्यादेत मिळणारी भरपाई. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, औषधांच्या चिठ्ठ्या व पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावरचा क्रमांकाचा स्टिकर, एवढे सगळे जोडावे लागते. हा स्टिकर रुग्णालयाकडून आठवणीने मागून घ्यावा. कागदपत्रे तपासण्याचे काम कंपनीने चोख केले. त्रुटी एकाच पत्रात कळवल्या, आणि भरती होण्यापूर्वीच्या तपासण्या व घरी आल्यानंतरची फिजिओथेरपी यांचा खर्चही अटींप्रमाणे मान्य केला.

मात्र मंजुरीपत्र अत्यंत असमाधानकारक होते. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 4,000 रुपये आहे आणि खोली 5,000 रुपयांची होती. अशा वेळी शल्यचिकित्सकांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह यांसारखे खोलीच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे 80 टक्केच, मिळतात, आणि ही कपात अटींना धरून असल्याने तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु विमा नियामकाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, रोपणाचे साहित्य आणि निदानचाचण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, आणि आमच्या दाव्यात ती कृत्रिम सांध्याच्या किमतीवरही लावलेली होती. मंजुरीपत्रात ‘अटींनुसार वजावट’ एवढेच लिहून एकत्रित आकडा दिल्यामुळे हे समजणेच अशक्य होते. बाबनिहाय तपशील लेखी मागितल्यावर ते उघड झाले. तक्रार निवारण कक्षाला पत्र पाठवल्यावर फरकाची रक्कम खात्यात जमा झाली.

ज्येष्ठ नागरिकांना असा पत्रव्यवहार करायला लावणे मला अन्यायकारक वाटते. बाबनिहाय हिशेब मंजुरीपत्रासोबतच यायला हवा. एरवी सेवा तत्पर असल्यामुळे आम्ही पॉलिसीचे नूतनीकरण करणार आहोत. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही किंवा तिचे उत्तर पटले नाही, तर मुंबई व पुणे येथील विमा लोकपाल कार्यालयांत विनाशुल्क तक्रार करता येते.