प्रयोगशाळेच्या सामायिक प्रतिमांसाठी ओमेरो सर्व्हर

सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा ज्याच्या त्याच्या पेनड्राइव्हवर विखुरलेल्या असतील, तर ओमेरो हा मुक्तस्रोत प्रतिमा-सर्व्हर जरूर पाहावा. बायो-फॉरमॅट्स या प्रतिमा-फाइली वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे तो १५० हून अधिक फाइल-प्रकार वाचतो आणि मूळ फाइल जशीच्या तशी जपतो. त्यामुळे फाइलमध्ये नोंदलेली लेन्स आणि एक्स्पोजर वर्षांनंतरही सापडतात, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. गटनिहाय परवानग्याही नेमक्या आहेत. साठवणुकीचा हिशेब मात्र आधीच मांडावा: २०४८ × २०४८ पिक्सेलची १६ बिटची एक प्रतिमा ८ मेगाबाइटची, म्हणजे नमुन्याच्या खोलीचे ५० थर आणि ३ रंग-चॅनेल घेतले की एकाच नमुन्याला सुमारे १.२ गीगाबाइट लागतात. विश्लेषणाची जड कामे याच मशीनवर चालवली, तर प्रतिमा उघडायलाही वेळ लागतो. त्यांच्यासाठी वेगळा सर्व्हर हवा. बॅकअपही स्वतंत्रच ठेवावा, कारण चुकून पुसलेली फाइल रेड (RAID, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क जोडण्याची रचना) परत देत नाही.