मागून लिहिलेली पाटी : आर्वीच्या एका रेडियमच्या दुकानाचा अनुभव

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पत्र्यावर रंगवलेली जुनी पाटी गंजली, तेव्हा कार्यकारिणीचा कल फ्लेक्सकडे होता. परंतु आपल्याकडच्या उन्हात फ्लेक्सवरचा लाल रंग कसा विटतो, हे समोरच्या किराणा दुकानावर आम्ही रोज पाहत असल्यामुळे शेवटी पारदर्शक ॲक्रिलिकची, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच पाटी करून घेण्याचे ठरले. हे काम आर्वीच्या बाजारातील एका रेडियमच्या दुकानाला दिले. (व्हिनाइलच्या चिकट कागदाला आपल्याकडे रेडियम का म्हणतात, कोण जाणे, अंधारात तो मुळीच चमकत नाही.)

या प्रकारात अक्षरे आणि जमीन, म्हणजे पाठीमागचा रंग, दोन्ही शीटच्या मागच्या बाजूला असतात आणि वाचणारा ती ५ मिलिमीटर जाडीच्या काचेसारख्या थरातून पाहतो. त्यामुळे धूळ, पाऊस आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची नखे अक्षरांपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र कामाचा क्रम पूर्ण उलटा होतो. पत्र्यावर पेंटर आधी जमीन भरतो, मग सावली काढतो आणि शेवटी अक्षर लिहितो. येथे आधी अक्षर चिकटवावे लागते, त्यावर सावली आणि सर्वांत शेवटी जमीन. एकदा जमीन भरली की अक्षराला हात लावता येत नाही, म्हणून अशा दुकानाची खरी परीक्षा रंग सुरू होण्यापूर्वीच होते.

त्या परीक्षेत हे दुकान चांगले उतरले. नापास झालो तो मी. अक्षरे उलटी कापायची असल्यामुळे तपासणीसाठी मिळालेला कागदही आरशातल्यासारखा उलटा होता आणि त्यात ‘सार्वजनिक’ मधली पहिली वेलांटी दुसरी दिसत होती. चाळीस वर्षे शुद्धलेखन तपासण्यात गेल्यामुळे मी तत्काळ लाल पेनाने खूण केली. दुकानदार शांतपणे म्हणाले, “गुरुजी, कागद पलटवून उजेडात धरून पाहा न जी.” धरून पाहिला, आणि वेलांटी आपल्या जागी होती.

त्यांनी दाखवलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. संगणकावर देवनागरीतले प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर थोडे चढते. ही अक्षरे एकजीव न करता प्लॉटरवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या रेडियम कापण्याच्या यंत्रावर, कापली, तर शिरोरेघेत जोडाच्या ठिकाणी बारीक चिरा राहतात. नुसत्या रेडियमच्या कामात त्या सहसा लक्षात येत नाहीत, पण मागून रंग मारताच तो चिरांत शिरतो आणि पांढऱ्या शिरोरेघेवर मरून रेषा उमटतात. दुसरीकडे करून घेतलेल्या एका पाटीवर मी असे ओरखडे पाहिले होते. त्यांचे कारण येथे समजले.

चिकटवण्याचे काम साबणाच्या दोन थेंबांचे पाणी फवारून, मधून कडेकडे पट्टी ओढत केले गेले. पाणी पूर्ण वाळावे म्हणून शीट दोन दिवस तशीच ठेवली. त्यानंतर मरून रंगाचा पहिला हात इतका विरळ फवारला की तो नुसत्या धुक्यासारखा दिसत होता, कारण पहिलाच हात ओला पडला तर रंग अक्षरांच्या कडांखाली झिरपतो. भरपूर थिनर घातलेल्या रंगाने ॲक्रिलिकला केसासारखे तडे जातात, हेही त्यांना ठाऊक होते आणि म्हणून त्यांनी आधी तुकड्यावर रंग मारून पाहिला. मरूनचे चार हात झाल्यावर शीट उजेडात धरून सुईएवढी छिद्रे शोधली आणि वरून पांढऱ्याचा एक हात दिला, त्यामुळे मागच्या भिंतीची छटा रंगात मिसळत नाही.

तक्रार आहे ती बसवणीची. चारही भोके स्क्रूच्या नेमक्या मापाची पाडली गेली. ॲक्रिलिक उष्णतेने बरेच पसरते. ३ फुटांची शीट जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत सुमारे २ मिलिमीटर वाढते आणि गडद जमीन ऊन शोषून घेत असल्यामुळे त्याहूनही अधिक. पहिल्याच मे महिन्यात पाटी मध्यभागी फुगली आणि एका भोकापासून तडा निघाला. दुकानदारांनी भोके मोठी करून रबराचे वायसर लावून दिले, तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तो थांबवला आणि याचे पैसे घेतले नाहीत. तरीही इतक्या बारकाईने रंगकाम करणाऱ्याने हे आधी का पाहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. सांगितलेल्या आठ दिवसांचे सतरा झाले, तेही नमूद करतो.

बसवणीसह २,७०० रुपये लागले. फ्लेक्सच्या तुलनेत ही रक्कम मोठी आहे, परंतु तिसऱ्या उन्हाळ्यातही मरून रंग मरूनच आहे. ज्यांना काम द्यायचे असेल त्यांनी द्यावे, फक्त भोके सैल पाडण्याविषयी आधीच बजावावे. पाटी पुसण्यासाठी मऊ फडके आणि साबणाचे पाणी वापरावे, थिनर किंवा पेट्रोल लावू नये, अशी सूचना त्यांनी आम्हाला पावतीच्या मागे लिहून दिली आहे, सुलट अक्षरांत.