नॉयश्टाटमधली बेकरी: श्ट्रॉयझल खावा तर इथला

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला जाणाऱ्याला सगळे दोनच गोष्टी खायला सांगतात, श्टोलन (सुकामेव्याचा नाताळचा गोड पाव) आणि आयरशेके (चक्का आणि अंड्याचे थर असलेला केक). दोन्ही छानच आहेत. पण लेकीकडे राहायला आले की मी आधी जाते ती नॉयश्टाट भागातल्या एका छोट्या बेकरीत, श्ट्रॉयझलकुखन घ्यायला. कोल्हापूरला मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे दुसऱ्याच्या हातचं खाताना माझं लक्ष आधी लोणी, मैदा आणि भाजणीकडे जातं. या तिन्हींत ही बेकरी अव्वल आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

ज्यांनी हा प्रकार खाल्लेला नाही त्यांच्यासाठी: पत्र्याच्या मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये यीस्टचं मऊ पीठ थापतात, त्यावर हवं तर फळं किंवा खसखशीचं सारण पसरतात आणि सगळ्यात वर मैदा, साखर, बटर चोळून केलेला जाडसर भुगा पेरतात. तो भुगा म्हणजे श्ट्रॉयझल. भाजून झालं की चौकोनी तुकडे कापून विकतात. ना क्रीम, ना आयसिंग. त्यामुळे भुगा फसला तर झाकायला काही उरत नाही.

इथला भुगा एकसारखा नसतो, हे मला पहिल्यांदा आवडलं. काही कण रव्याएवढे, काही वाटाण्याएवढे आणि मध्येच एखादा सुपारीएवढा खडा. मोठा खडा बोटांनी फोडून बघा. वरचा पापुद्रा सोनेरी आणि कडक, आतला भाग फिकट, रवाळ, आणि जिभेवर ठेवला की आपल्या नानकटाईसारखा विरघळणारा. खालच्या बाजूला, जिथे तो केकला चिकटलेला असतो, तिथे बटर पिठात उतरून एक ओलसर, किंचित खारट-गोड थर तयार होतो. मला विचाराल तर अख्ख्या तुकड्यातला सगळ्यात चवदार भाग तोच. बारीक कणांमुळे सगळीकडे चव पोचते, मोठ्या खड्यांमुळे चावायला काहीतरी मिळतं. यंत्रातून काढल्यासारखा सारखा भुगा असता तर ही गंमत राहिली नसती.

एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा लेकीला मध्ये घालून मी काउंटरमागच्या बाईंना विचारलं, एवढे मोठे खडे राहतात कसे? "तुम्हीही बेक करता का?" असं त्यांनी उलट विचारलं आणि हातानेच करून दाखवलं. थंड बटर पिठात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, कारण तळहाताच्या उबेने बटर पातळ होतं. सगळं ओल्या वाळूसारखं दिसायला लागलं की मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, मुटका करायचा आणि तोच मुटका ट्रेवर मोडत जायचं. मोडताना काही तुकडे मोठे राहतात, काही चुरतात. मग ट्रे थोडा वेळ थंड जागी ठेवायचा, म्हणजे ओव्हनमध्ये गेल्यावर बटर एकदम वितळून भुगा पसरत नाही. माप काही त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. धंद्याची गोष्ट आहे.

माझं घरचं माप मात्र सांगते: 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम थंड बटर, 150 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ. आपल्याकडचं खारं बटर असेल तर मीठ घालूच नका. बटरऐवजी तूप घालून बघायचा मोह होतो, पण बटरमध्ये थोडा पाण्याचा अंशही असतो आणि खडा बांधून ठेवायला तोच कामी येतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून भुगा चवीला झकास होतो पण वाळूसारखा सुटा राहतो. बटर वितळवून ओतलं तर उलटं होतं, गोळे पटकन जमतात पण भाजल्यावर दाताला कडक लागतात. आणि कोल्हापूरच्या मे महिन्यात करायचा असेल तर पीठसुद्धा फ्रीजमध्ये ठेवून मग घ्या.

परत बेकरीकडे. इथे तीन प्रकार नेहमी दिसतात. नुसता श्ट्रॉयझल, सफरचंदाचा आणि खसखशीचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्लमचा येतो, आणि त्या दिवसांत मी दुसरं काही घेत नाही. निळसर-काळे लांबट प्लम अर्धे चिरून, दाटीने उभे लावलेले असतात. भाजताना त्यांचा आंबटपणा आणखी वाढतो, आणि त्या आंबटावर गोड, लोण्याच्या चवीचा भुगा असा काही लागतो की दुसरा तुकडा घेतल्याशिवाय हात थांबत नाही. फळाचा रस पिठात मुरून खालचा केक चिखल होऊ नये म्हणून बरेच लोक फळाखाली पावाचा चुरा किंवा रवा भुरभुरतात. इथे नक्की काय घालतात कळलं नाही, पण प्लमच्या तुकड्याचा तळ मला कायम कोरडा मिळालाय.

खसखशीच्या तुकड्याबद्दल आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं. आपण अनारशाला लावतो ती पांढरी खसखस, ही काळी-निळी. ती दळून दुधात शिजवतात, बऱ्याचदा रवा घालून, आणि त्याचा जाड थर भुग्याखाली असतो. रंग बघून बिचकू नका. चव गडद, किंचित कडवट आणि खमंग आहे, आणि साखर माफक. रांगेतल्या एका आजींनी सांगितलं की त्यांच्या घरी हा केक श्लेझिया या जुन्या जर्मन प्रांताचा म्हणून ओळखला जातो. 1945 नंतर श्लेझियातून लाखो जर्मन लोकांना घरदार सोडून यावं लागलं, आणि त्यांच्याबरोबर हे केकही आले. त्या आजींचे आईवडील त्यांतलेच. श्लेझियाचा बराचसा भाग आता पोलंडमध्ये आहे, आणि तिथेही असाच भुगा घातलेला 'कोवाच' करतात. युरोपीय संघाने 2011 साली त्याला भौगोलिक मानांकन दिलंय. लग्नाआधी शेजारीपाजारी तो वाटायची पद्धत आहे. तिकडे पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमध्ये मात्र हाच श्ट्रॉयझलकुखन अंत्यविधीनंतरच्या कॉफीला ठेवतात. पाहुण्यांची संख्या मोठी असली की ट्रेचा केक सोयीचा, हे कुठल्याही घरच्या बाईला लगेच पटेल.

आता खटकलेल्या गोष्टी. सफरचंदाचा तुकडा सकाळी घ्यावा, दुपारपर्यंत त्याचा भुगा मऊ पडतो. साखर ओल शोषते आणि सफरचंदाला पाणी सुटतं, त्याला इलाज नाही, पण दुपारी उरलेले तुकडे त्याच भावात विकणं मला पटलं नाही. दुसरं, फक्त रोख घेतात, कार्ड चालत नाही. बसायला दोनच उंच टेबलं आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ बांधून घ्यावं. कॉफीही यथातथाच.

तरीही किंमत वाजवी वाटते, कारण घटकांच्या पाटीवर चरबी म्हणून फक्त बटर लिहिलेलं आहे. सुपरमार्केटमधला पाकीटबंद तुकडा निम्म्या भावात मिळतो. त्यात पाम तेल होतं, आणि खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसला. एकाच दिवशी दोन्ही आणून शेजारी ठेवले तर लहान मुलालाही फरक कळेल. जावईबापू एरवी गोडाच्या वाटेला जात नाहीत, पण इथल्या प्लमच्या तुकड्यासाठी रविवारी सकाळी स्वतः चालत जातात.

रविवारी बेकरी थोडेच तास उघडी असते, म्हणून अकराच्या आत पोचा. तुकडा मागताना ट्रेच्या कडेचा मागा, तिथे भुगा जास्त खरपूस भाजलेला असतो. आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवलात तर डब्यात बंद करू नका, कागदातच राहू द्या. खायच्या आधी 160 अंशांवर सात-आठ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, भुगा लगदा होतो.