पीडीएमएस, अ‍ॅक्रिलिक की कागद? नागपुरात मायक्रोफ्लुइडिक चिप करायची असेल तर

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे केसाएवढ्या बारीक वाटांतून (चॅनेलमधून) थोडासा द्रव चालवून चाचणी करणारी छोटी पाटी. तिचा प्रकल्प ठरला की बहुतेक लॅबमधून पहिली मागणी जाते ती पीडीएमएसच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या पारदर्शक सिलिकॉन रबराच्या) डब्याची, कारण शोधनिबंधांत तोच दिसतो. साचा कुठून आणायचा, चिप काचेला जोडायचं प्लाझ्मा मशीन कोणाकडे आहे, हे प्रश्न डबा आल्यावर सुरू होतात आणि प्रकल्पाचे महिने त्यातच जातात. म्हणून खरेदीच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: चिपमधून कोणता द्रव जाणार, उत्तर काय हवंय (हो-नाही, आकडा, की पेशी डोळ्यांनी बघायच्या आहेत), आणि चिप दहा लागणार की हजार. निवड यावरूनच होते.

आधी आकारमानाचा अंदाज घेऊ. १०० मायक्रोमीटर रुंद, ५० मायक्रोमीटर खोल आणि २ सेंटिमीटर लांब चॅनेलमध्ये ०.१ मायक्रोलिटर द्रव मावतो. ५० मायक्रोलिटरच्या एका थेंबात असे पाचशे चॅनेल भरतील. मिनिटाला १ मायक्रोलिटर या वेगाने द्रव सोडला तर तो ६ सेकंदांत बाहेर पडतो. इतक्या बारीक नळीत भोवरे होत नाहीत, दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात आणि केवळ विसरणाने (रेणू आपोआप पसरून) मिसळतात. रंगाच्या लहान रेणूला १०० मायक्रोमीटर ओलांडायला साधारण १० सेकंद लागतात, प्रथिनाला मिनिटाहून अधिक. म्हणजे वरच्या चॅनेलमध्ये अभिकर्मक (रंग आणणारं रसायन) पुरता मिसळायच्या आतच बाहेर जातो. आराखडा काढतानाच हा हिशेब करा, चॅनेल लांब नागमोडी ठेवा किंवा वेग कमी करा. "रंगच येत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा रसायनात नसतं, इथे असतं.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट

विदर्भात सगळ्यात उपयोगी पडेल असं हे काम आहे, म्हणून तिन्ही पर्याय यावरच घासून बघू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० प्रमाणे मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. हा आकडा नायट्रेट म्हणून मोजलेला आहे. नायट्रोजन म्हणून मोजला तर तोच सुमारे १० होतो. प्रमाण (माहीत असलेल्या मात्रेच्या) द्रावणाच्या बाटलीवर यातलं कोणतं एकक आहे ते न बघता आलेख काढला की सगळं साडेचार पटींनी चुकतं.

कागदावर हे काम चांगलं होतं. व्हॉटमन क्रमांक १ हा फिल्टर पेपर १८० मायक्रोमीटर जाड असतो. त्यावर मेणाची वर्तुळं छापायची आणि १५० अंशांच्या हॉट प्लेटवर दोन मिनिटं ठेवायची. मेण कागदाच्या आरपार उतरतं, पण सोबत आडवंही पसरतं. त्यामुळे ५ मिलिमीटरचा आतला ठिपका हवा असेल तर तो थोडा मोठा काढावा लागतो, आणि अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद वाट बुजून जाते. पाठीमागून बघा: मेणाची कडा पुसट दिसली तर तिथून गळणारच. मेणाच्या शाईचे प्रिंटर आता नव्याने बनत नाहीत, पण पॅराफिनमध्ये भिजवलेला कागद वर ठेवून त्यावर तापवलेला धातूचा शिक्का दाबला तरी काम होतं.

अभिकर्मक म्हणजे ग्रीस (Griess), नायट्राइट लागलं की गुलाबी होणारं मिश्रण. १० मिलिलिटरसाठी सल्फानिलामाइड ८६ मिलिग्रॅम, निर्जल सायट्रिक आम्ल ६३४ मिलिग्रॅम आणि एनईडी (नॅफ्थिलइथिलिनडायअमाइन) डायहायड्रोक्लोराइड २६ मिलिग्रॅम. सल्फानिलामाइड कोमट पाण्यात आधी विरघळवा, एनईडी शेवटी घाला. ठिपक्यावर २ ते ३ मायक्रोलिटर पुरतात. वाळल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात सिलिका जेलच्या पुडीसोबत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. उघडे ठेवलेले ठिपके उजेडाने आणि रहदारीच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने आपोआप गुलाबी होतात, त्यामुळे कोरा ठिपका प्रत्येक पट्टीवर हवाच.

ग्रीस फक्त नायट्राइट ओळखतं. नायट्रेट आधी जस्ताच्या पुडीने नायट्राइटवर आणावं लागतं आणि खरी चूक इथे होते. जस्त जास्त पडलं किंवा वेळ लांबला तर नायट्राइटही पुढे अमोनियापर्यंत जातं आणि आकडा कमी दिसतो. दूषित विहीर सुरक्षित ठरते, ही सगळ्यात वाईट चूक. जस्त मोजून घ्या, घड्याळ लावा, आणि आलेख नायट्राइटच्या प्रमाण द्रावणांवर न काढता नायट्रेटच्याच १०, २५, ४५ आणि ६० मिलिग्रॅमवर काढा. रंग मोबाइलने टिपायचा तर बंद डब्यात एकाच एलईडीखाली टिपा. साधा स्कॅनर त्याहून बरा.

कागदावरून "४५ च्या वर की खाली" एवढं खात्रीने कळतं. ३८ की ४४, हे सांगायला अ‍ॅक्रिलिक हवं.

तिथे प्रश्न येतो प्रकाशाच्या वाटेचा. ग्रीसचा रंग ५४० नॅनोमीटरला जोरदार शोषतो, मोलर शोषणांक (प्रकाश किती जोराने शोषतो त्याचा आकडा) सुमारे ५०,०००. मर्यादेवरचं नायट्रेट म्हणजे ०.७३ मिलिमोलर. ते पूर्ण रूपांतरित झालं तर १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) शोषण ३६ च्या घरात जाईल, म्हणजे मोजताच येणार नाही, आधी विरल करावं लागेल. १०० मायक्रोमीटर खोल चॅनेलमध्ये तेच ०.३६ येतं, आणि विरल न करता वाचता येतं. उलट लिटरला ०.१ मिलिग्रॅम नायट्राइट शोधायचं असेल तर १०० मायक्रोमीटरमध्ये शोषण ०.००१ उरतं, तिथे हिरवा एलईडी आणि फोटोडायोड चॅनेलच्या दोन टोकांना लावून प्रकाश लांबीच्या दिशेने १० मिलिमीटर न्यावा लागतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये दोन्ही रचना सहज करता येतात.

या कामाला पीडीएमएस घेण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

फ्लोराइडबद्दल मात्र सरळ सांगतो: यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यासाठी फ्लोराइडची रंगाची चिप करायला जाऊ नका. स्वीकार्य मर्यादा १.० आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम, एवढ्याशा अंतरात झिर्कोनियमचा लाल रंग किंचित फिका होतो, आणि सल्फेट, फॉस्फेट, अ‍ॅल्युमिनियम त्यात लुडबुड करतात. फक्त फ्लोराइड मोजणारा निवडक आयन इलेक्ट्रोड घ्या, नमुना आणि टिसॅब (आम्लता आणि आयनांचं बळ स्थिर ठेवणारं द्रावण) समप्रमाणात मिसळा.

अ‍ॅक्रिलिक करताना

पाट्या आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे असतं ते कार्बन डायऑक्साइड लेझर पुरतं. क्लीनरूमची गरज नाही, ही या पर्यायाची मोठी बाजू. दुकानात फक्त एक विचारा: पत्रा कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड? कास्टच घ्या. एक्स्ट्रुडेडमध्ये लेझरनंतर ताण राहतो आणि अल्कोहोल लागताच जाळीसारख्या भेगा पडतात. कास्टलाही कापल्यावर ८० अंशांना दोन ते चार तास ठेवून ओव्हनमध्येच हळूहळू गार होऊ द्या. आणि पीव्हीसीचा पत्रा चुकूनही लेझरखाली जाऊ देऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाला आणि मशीनला दोघांनाही घातक.

लेझरने खोदलेला चॅनेल चौकोनी नसतो, तळाशी निमुळता होतो आणि रुंदी १०० ते २०० मायक्रोमीटरच्या खाली क्वचित जाते. काठावर वितळून फुगलेला बांध बोटाला जाणवत नाही, पण झाकण बसू देत नाही. १००० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून तो उतरवा. जोडणीसाठी दोन पत्र्यांमध्ये इथेनॉलचा पातळ थर, बाइंडर क्लिपा आणि ६५-७० अंशांना दहा-पंधरा मिनिटं. चॅनेलमध्ये इथेनॉल साचू दिलं तर भिंती विरघळून धूसर होतात, म्हणून क्लिपा लावल्यावर लगेच फुंकून काढा.

याहून सोपा आणि आमच्या आवडीचा मार्ग: स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरने दुहेरी चिकटपट्टीत चॅनेल कापायचा आणि दोन पत्र्यांमध्ये दाबायचा. चॅनेलची खोली पट्टीच्या जाडीएवढी, दर वेळी तीच. दुपारी काढलेला आराखडा संध्याकाळी हातात असतो.

अ‍ॅक्रिलिक ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जात नाही, १०५ अंशांच्या आसपास ते मऊ होतं. ७० टक्के अल्कोहोलने पुसायची सवय इथे सोडावी लागते.

सिकलसेल आणि इतर पेशींचं काम

पीडीएमएसची खरी गरज इथे आहे. त्यातून ऑक्सिजन आरपार जातो. रक्ताच्या चॅनेलशेजारी १०० मायक्रोमीटरची पातळ भिंत ठेवून पलीकडून नायट्रोजन सोडला की रक्तातला ऑक्सिजन भिंतीतून निघून जातो आणि एस हिमोग्लोबिनच्या (सिकलसेलमधल्या बदललेल्या हिमोग्लोबिनच्या) पेशी सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारख्या वाकताना दिसतात. नायट्रोजन बंद करून हवा सोडली की पुष्कळशा परत गोल होतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये हे जवळजवळ अशक्य. सुमारे ८ मायक्रोमीटरची तांबडी पेशी ५-६ मायक्रोमीटरच्या फटीतून कशी निघते हे बघायचं असेल तरी पीडीएमएसच.

गावपातळीवर छाननी करायची असेल तर कागद पुरतो. रक्त डायथायोनाइट, सॅपोनिन आणि फॉस्फेट बफरच्या द्रावणात मिसळून थेंब कागदावर टाकला की एस हिमोग्लोबिन गुठळी होऊन मधोमध अडकतं आणि साधं हिमोग्लोबिन कडेला पसरतं. पण वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगायला ही विद्राव्यता चाचणी पुरी पडत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतंच. नवजात बाळात गर्भाचं हिमोग्लोबिन जास्त असल्याने तिथे ती वापरूच नये. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेमुळे या विषयावर प्रकल्प वाढले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण नमुन्यांना हात लावण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि वापरलेली चिप १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवा.

साचा हा पीडीएमएसचा अवघड भाग. एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचा) साचा करायला पिवळ्या उजेडाची खोली, स्पिन कोटर आणि ३६५ नॅनोमीटरचा दिवा लागतो. इथे सोय नसेल तर आयआयटी मुंबईची नॅनोफॅब्रिकेशन सुविधा प्रस्ताव देऊन बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येते. एकदा साचा आणला, रबर चिकटू नये म्हणून फ्लुओरोसिलेनची वाफ दिली, की त्यावर डझनावारी चिप इथेच ओतता येतात. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचा साचा स्वस्त वाटतो, पण न सुकलेलं रेझिन पीडीएमएसला पृष्ठभागावर घट्ट होऊ देत नाही. तो यूव्हीखाली पुन्हा सुकवून ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय ओतू नका. लेटेक्सचे हातमोजे घातले तरी तसाच चिकट थर राहतो, त्यांतलं गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला मारतं. नायट्राइलचे घाला.

१०० मिलिमीटरच्या वेफरवर (साचा असलेल्या गोल चकतीवर) ५ मिलिमीटर थरासाठी सिलगार्ड १८४ चा (पीडीएमएसच्या दोन भागांच्या संचाचा) बेस ३६ ग्रॅम आणि क्युअरिंग एजंट ३.६ ग्रॅम. व्हॅक्यूममध्ये फेस वर चढतो, तो काठापाशी आला की हवा थोडी सोडा, पुन्हा ओढा. ७० अंशांना दोन तास. काचेशी जोडताना प्लाझ्मा ३० ते ६० सेकंद, त्याहून जास्त दिला तर वरचा थर ठिसूळ होऊन जोड कच्चा राहतो. मिनिटभरात टेकवा, दाबू नका, कारण उंचीच्या दहापटीहून रुंद चॅनेलचं छत खाली बसतं. मग ८० अंशांना अर्धा तास.

उन्हाळा आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ पार जातो आणि हवा इतकी कोरडी असते की कागदावरचा थेंब टोकाला पोचायच्या आत वाळतो. रंग मग कडेला कड्यासारखा जमतो. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, हवेसाठी एक छिद्र ठेवा. लॅबमध्ये कूलर असेल तर अडचण उलटी: तो चालू असताना हवा दमट, बंद केला की कोरडी, आणि सकाळचा आलेख दुपारी लागू पडत नाही. वाळ्याचे किंवा लाकडी गवताचे तंतू पीडीएमएसच्या जोडात अडकले की तिथूनच गळती. जोडणीच्या तासाभरापुरता कूलर बंद ठेवा. मेणाच्या पट्ट्या उन्हात उभ्या गाडीत ठेवून गावाला नेऊ नका, कमी तापमानाचं पॅराफिन तेवढ्यानेही पसरतं. पीडीएमएसही गरम खोलीत लवकर दाटतं, मिसळल्यावर रेंगाळता येत नाही.

| | कागद | अ‍ॅक्रिलिक | पीडीएमएस |
|---|---|---|---|
| लहानात लहान वाट | अर्धा मिलिमीटर | १००-२०० मायक्रोमीटर | साच्यावर अवलंबून, ५ मायक्रोमीटरही |
| कशात बिघडतं | साबण, अल्कोहोल | अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, क्लोरोफॉर्म | हेक्झेन, टोल्युईन, क्लोरोफॉर्म |
| जिवंत पेशी | नाही | थोडा वेळ | हो |
| हजार नग | सोपे | जमतात | नको |

तेलकट औषधाचे रेणू पीडीएमएस शोषून घेतं, त्यामुळे पेशींना दिलेली मात्रा आणि पोचलेली मात्रा वेगळी असते. वरच्या तक्त्यात न मावणारी ही गोष्ट औषधांवर काम करणाऱ्यांनी विसरू नये.

शंका असेल तर खरेदीआधी एक रात्र द्या. मेणाच्या वर्तुळात तुमच्या द्रावाचा थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी कडेबाहेर ओल दिसते का बघा. अ‍ॅक्रिलिकचा लेझरने कापलेला तुकडा त्यात बुडवून सकाळी कापलेली कड भिंगाखाली धरा, बारीक भेगा लगेच दिसतात. ओळखीच्या लॅबमधून पीडीएमएसचा तुकडा आणा, वजन करा, रात्रभर बुडवा, टिपून पुन्हा वजन करा. वजन वाढलं असेल तर तो द्राव किंवा त्यातलं काहीतरी आत गेलंय, आणि चिपमध्येही जाईल.